वेस्टचेस्टरमध्ये १८ लाख डॉलरचं घर: आधी कराचं बिल वाचा, मग स्वयंपाकघर बघा

प्रश्न थोडक्यात असा: दोघांचीही नोकरी मॅनहॅटनमध्ये, दोन मुलं शाळेत, आईवडील दरवर्षी पुण्याहून काही महिने राहायला येतात. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या वेस्टचेस्टर काउंटीत १८ लाख डॉलरपर्यंतचं घर घ्यायचं आहे. स्कार्सडेलला घ्यावं, की तेवढ्याच पैशात आर्मांक-बेडफर्डकडे दोन एकर आणि मोठं घर घ्यावं?

दोन्ही चालेल, फक्त या दोन अगदी वेगळ्या खरेद्या आहेत. दक्षिणेला, म्हणजे स्कार्सडेलकडे, तुम्ही शाळा, स्टेशन आणि शंभर वर्षांचं घर घेता. उत्तरेला, म्हणजे आर्मांक-बेडफर्डकडे, जमीन घेता, आणि तिच्यासोबत स्वतःची पाणीपुरवठा योजना, सांडपाण्याची योजना आणि लाइट गेल्यावरचं वीजकेंद्रही. जाहिरातीतल्या फोटोंत यातलं काहीच दिसत नाही. ते कागदांत असतं, आणि सगळ्यात आधी मागायचा कागद म्हणजे मालमत्ता कराचं बिल.

कारण इथला पत्ता फसवा असतो. टपाल खात्याने दिलेलं गावाचं नाव, प्रत्यक्षातली नगरपालिका आणि शाळेचा जिल्हा या तीन स्वतंत्र रेषा आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. १०५८३ हा स्कार्सडेलचा पिनकोड घ्या. याच पिनकोडमध्ये खुद्द स्कार्सडेल गाव येतं, ग्रीनबर्ग टाउनमधलं (टाउन म्हणजे काउंटीचा प्रशासकीय विभाग, त्याच्या पोटात गावं असू शकतात) एजमाँट येतं, आणि ईस्टचेस्टर, न्यू रोशेल व यॉन्कर्सचे तुकडेही येतात. पाकिटावर सगळीकडे ‘स्कार्सडेल, न्यूयॉर्क’ असंच. एजमाँटचा शाळा जिल्हा स्वतंत्र आहे आणि उत्तम आहे, त्यामुळे तिथे फसल्यासारखं वाटणार नाही. पण स्कार्सडेल गावाच्या रहिवाशाला मिळणारा स्टेशनजवळचा पार्किंग परवाना आपल्याला मिळेलच असं धरून चालू नका. ब्राँक्सव्हिलचा प्रकार याहून महागात पडतो. ते गाव जेमतेम एक चौरस मैलाचं, पण १०७०८ हा त्याचा पिनकोड यॉन्कर्समध्ये बराच आत जातो. तिथलं घर घेतलंत तर शाळा यॉन्कर्सची, गहाणखताची नोंदणी करताना कर अर्धा टक्का जास्त, शिवाय रहिवासी म्हणून राज्याच्या प्राप्तिकरावर १६.७५ टक्के यॉन्कर्सचा अधिभार. ‘ब्राँक्सव्हिल पी.ओ.’ (फक्त टपालापुरतं ब्राँक्सव्हिल) अशी अक्षरं दिसली की दलालाला लगेच विचारायचं: नगरपालिका कोणती? आर्मांककडेही हेच लक्षात ठेवा. नॉर्थ कॅसल टाउनचा आर्मांक भाग बायरम हिल्स शाळा जिल्ह्यात येतो, पण त्याच टाउनमधलं नॉर्थ व्हाइट प्लेन्स व्हॅलहालाच्या जिल्ह्यात जातं.

कराच्या बिलावर नगरपालिका आणि शाळा जिल्हा दोन्ही छापलेले असतात. जाहिरातीतली ओळ, घरं दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा नकाशा, शेजाऱ्याची ग्वाही यांपैकी कशावरही विसंबू नका. बिल हातात घ्या आणि शाळा जिल्ह्याच्या प्रवेश कार्यालयाला फोन करून तोच पत्ता सांगून खात्री करा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता कराची रक्कम. १८ लाखांच्या घराला वर्षाला ३५–४० हजार डॉलर कर दिसला तर दचकू नका, स्कार्सडेलसारख्या ठिकाणी ते नेहमीचं आहे. राय शहरात त्याच किमतीला तुलनेने कमी पडतो. टाउनमध्ये काउंटी व टाउनचं बिल एप्रिलअखेर भरायचं, शाळेचं सप्टेंबरअखेर आणि जानेवारीअखेर अशा दोन हप्त्यांत, आणि घर एखाद्या गावाच्या हद्दीत असेल तर गावाचं बिल जूनपासून वेगळं. जाहिरातींत पुष्कळदा यातलं एखादं बिल गाळलेलं असतं. दुसरी गफलत सवलतींची: विकणारे ज्येष्ठ नागरिक किंवा माजी सैनिक असतील तर त्यांचं बिल सवलत वजा करून आलेलं असतं. ती सवलत तुमच्याकडे येत नाही. म्हणून सवलतीशिवायचा पूर्ण कर किती, असाच प्रश्न विचारा. शाळेच्या करावरची राज्याची ‘स्टार’ सवलत उत्पन्न पाच लाख डॉलरपर्यंत असेल तरच मिळते. तुमचं दोघांचं मिळून त्यावर जात असेल तर ती विसरा.

केंद्रीय प्राप्तिकरात राज्य व स्थानिक करांची वजावट २०१८ पासून १० हजार डॉलरवर अडकली होती, ती २०२५ मध्ये ४० हजार झाली. मात्र पाच लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ती उतरू लागते आणि सहा लाखांना पुन्हा १० हजारांवर येते. या किमतीची घरं घेणारी बरीच जोडपी नेमकी याच पट्ट्यात असतात. वाढीव वजावट धरून मासिक हिशेब मांडला असेल तर आधी इथल्या कर-सल्लागाराकडून तपासून घ्या; २०३० पासून ती तशीही १० हजारांवर परतणार आहे. कर्जाच्या व्याजाची वजावटही फक्त साडेसात लाखांच्या मुद्दलावर मिळते, तुमचं कर्ज १२ लाखांचं असलं तरी.

खरेदीच्या दिवशी लागणारा पैसा पण आधीच मोजून ठेवा. किंमत १० लाख किंवा त्याहून वर गेली की खरेदीदाराने संपूर्ण किमतीवर १ टक्का ‘मॅन्शन टॅक्स’ भरायचा: १८ लाखांवर १८ हजार. न्यूयॉर्क शहरातले चढते दर इथे लागू नाहीत, इथे सरसकट १ टक्का. गहाणखताच्या नोंदणीचा कर वेस्टचेस्टरमध्ये १.३० टक्के, त्यातला पाव टक्का बँक देते, तुमच्या वाट्याला १.०५ टक्के. १२ लाखांच्या कर्जावर म्हणजे साडेबारा हजारांच्या वर. विकणाऱ्याचं जुनं कर्ज त्याच्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे वर्ग करून घेण्याची एक सोय आहे, तिला ‘पर्चेस सीईएमए’ म्हणतात. ती जमली तर नव्याने वाढलेल्या रकमेवरच हा कर लागतो. दोन्ही बँका तयार लागतात आणि काही आठवडे जास्त जातात, पण विकणाऱ्याचं कर्ज सहा-सात लाखांचं शिल्लक असेल तर विचारून बघायलाच हवं. टायटल विमा (मालकी हक्कात खोट निघाली तर भरपाई देणारा), वकील, सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी, आगाऊ भरायचा कर आणि घराचा विमा वेगळा. हे सगळं धरून डाउन पेमेंटच्या वर ६०–७० हजार डॉलर हाताशी ठेवा.

कॅलिफोर्नियातून किंवा न्यू जर्सीतून आलेल्यांना इथली पद्धत चुकवते. न्यूयॉर्कमध्ये ‘ऑफर स्वीकारली’ याला कायदेशीर किंमत शून्य. दोन्ही वकिलांनी करार बनवून त्यावर सह्या होईपर्यंत विकणारा दुसऱ्या कुणालाही घर देऊ शकतो, तुम्हीही मागे फिरू शकता. म्हणून इथे घराची तपासणी सही करण्याआधी, पाचसात दिवसांत उरकायची असते. सहीसोबत १० टक्के रक्कम विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जाते: १८ लाखांवर १ लाख ८० हजार. दहा जण रांगेत असले की दलाल सुचवतात, कर्जाची अट काढून टाका. काढा, पण बँकेने नकार दिला तर ते १ लाख ८० हजार गेले हे समजून काढा. आणि पैसे वायरने पाठवण्याआधी वकिलाच्या कार्यालयात आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक तोंडी पडताळा. बनावट ईमेलने ऐन वेळी खातं बदलून पैसे लाटण्याचे प्रकार याच टप्प्यावर होतात.

दक्षिणेकडची घरं मुख्यतः १९२० च्या दशकातली: ट्यूडर, कलोनियल, दगडी जोतं, वर स्लेटचं छत. स्लेट बघून लोक भारावतात. स्लेट दोन जातींची असते हे त्यांना कुणी सांगत नाही. व्हरमाँटची हिरवी-जांभळी स्लेट शंभर वर्षांच्या पुढे टिकते. पेनसिल्व्हेनियाची काळी मऊ स्लेट ६०–७० वर्षांत पापुद्रे सोडू लागते. पन्हळीखाली जमिनीवर राखाडी कपच्या पडल्या आहेत का बघा. छतावर चढणाऱ्या माणसाला एकेक पाटी बोटाच्या पेराने वाजवायला सांगा: चांगली खणखणते, मेलेली भद भद वाजते. खरी गळती मात्र बहुधा पाट्यांतून होतच नाही. दोन उतार मिळतात तिथला आणि धुराड्याभोवतीचा तांब्याचा पत्रा झिजून छिद्रं पडतात, तिथून होते. पत्रा बदलणं हजारांत निभतं. छत पूर्ण बदलायला एक लाख डॉलरही पुरत नाहीत. त्यामुळे साध्या तपासनिसावर न थांबता स्लेटचंच काम करणारा माणूस वेगळा बोलवा.

जमिनीतली तेलाची टाकी हा दुसरा विषय, आणि यात टंगळमंगळ करू नका. गॅस येण्याआधी ही घरं तेलावर तापायची आणि ५५० किंवा १००० गॅलनची पोलादी टाकी अंगणात पुरलेली असायची. घर आज गॅसवर असलं तरी टाकी खालीच असू शकते. खुणा बारीक असतात: जोत्याजवळ झाकण लावलेला दोन इंची पाइप, त्याच्या शेजारी छत्रीसारख्या टोपीची सडपातळ नळी, तळघराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या आणि चिमटून बंद केलेल्या तांब्याच्या दोन नळ्या. मेटल डिटेक्टरने अंगण पालथं घालणारे लोक काहीशे डॉलरमध्ये हे काम करतात. टाकी सापडली तर ती विकणाऱ्यानेच काढावी आणि बंद केल्याचा दाखला द्यावा, हे करारात यायला हवं. गळती निघाली तर ती कळल्यापासून दोन तासांत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं, माती खणून न्यावी लागते, आणि तो खर्च घराच्या विम्यात सहसा बसत नाही. ‘टाकीत वाळू भरून बंद केली आहे’ हे वाक्य कागद दाखवल्याशिवाय ऐकूनच घेऊ नका.

बाकी जुन्या घराची नेहमीची दुखणी: भिंतींतली चिनीमातीच्या गुंडाळ्यांवरची जुनी वायरिंग, जी दिसली की अनेक विमा कंपन्या हात वर करतात, वाफेच्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण, रस्त्याच्या गटारापर्यंतचा मातीचा पाइप, ज्यात झाडाची मुळं शिरतात. पाइपात कॅमेरा घालून बघा. रेडॉन (जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू) हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आला तर पंखा बसवून घ्या, तो मोठा खर्च नाही.

आणखी एक कागद, ज्यावरून ऐन वेळी व्यवहार अडकतात: सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. नगरपालिकेच्या बांधकाम विभागातली फाइल मागवा. तळघरातली खोली, तिथलं स्नानगृह, मागचा डेक, पोहण्याचा तलाव, स्वयंपाकघराचं नवं काम, यातलं काय परवानगीने झालं ते तिथे कळतं. परवाना काढला पण अंतिम तपासणी केलीच नाही, असं सर्रास आढळतं. विकणाऱ्याने खरेदीआधी ते नियमित करून द्यावं. ‘नंतर बघू’ म्हटलं की ते तुमचं झालं, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या गळ्यात पडेल.

आता उत्तरेकडे. बेडफर्ड, पाउंड रिज, नॉर्थ सेलम, आर्मांकचा बराच भाग इथे सार्वजनिक गटार नाही, बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणीही नाही. इथे घर किती मोठं, हे ठरवतं काउंटीच्या आरोग्य विभागाच्या फाइलमधली शयनगृहांची संख्या. सेप्टिकची मंजुरी शयनगृहांवर मिळते. राज्याच्या नियमानुसार तीन शयनगृहांपर्यंत १००० गॅलनची टाकी, चाराला १२५०, पाचाला १५००, आणि पाणी जमिनीत मुरवणारं क्षेत्र त्याच प्रमाणात. जाहिरातीत पाच शयनगृहं आणि फाइलमध्ये तीन, हा इथला नेहमीचा खेळ. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या फाइलमध्ये ‘स्टडी’ असतात, प्रत्यक्षात कपाटं बसवून त्यांची शयनगृहं केलेली असतात. तुम्ही तीन शयनगृहांच्या सेप्टिकवर सहा माणसांचं घर चालवायला घेतलंत, आईवडील आले, रोज दोनदा कपडे धुणं सुरू झालं, की टाकीतला गाळ पुढे सरकतो आणि मुरवण्याच्या क्षेत्राची भोकं बुजतात. टाकी बदलणं सोपं. ते क्षेत्र नव्याने करायला जागाच नसेल तर पुढचा मार्ग खर्चिक आणि वेळखाऊ. तपासणीत नुसतं रंगीत पाणी सोडून समाधान मानू नका. टाकी उघडून उपसायला लावा, आतले अडथळे शाबूत आहेत का आणि मागून पाणी उलटं येतंय का ते बघा.

विहिरीचं पाणी विक्रीच्या वेळी प्रयोगशाळेत तपासणं काउंटीच्या २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पीफास (निसर्गात सहजी न विघटणाऱ्या) रसायनांची चाचणी त्यात धरली आहे का ते विचारा, नसेल तर वेगळे पैसे देऊन करून घ्या. पाणी शुद्ध असणं आणि पुरेसं असणं या दोन गोष्टी आहेत. दोनतीन तास सलग उपसा चाचणी करा: मिनिटाला ५ गॅलन आले तर निश्चिंत. दोन गॅलन येत असतील तर विहिरीची खोली विचारा. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला दीड गॅलन साठतं, ३०० फूट पाण्याचा स्तंभ म्हणजे साडेचारशे गॅलनचा साठा, त्यावर सकाळची गर्दी निभते.

दोन एकर आहेत म्हणजे पोहण्याचा तलाव आणि टेनिस कोर्ट सहज बसेल, असंही नाही. या भागाचा मोठा हिस्सा न्यूयॉर्क शहराला पाणी देणाऱ्या क्रोटन जलाशयांच्या पाणलोटात येतो. ओढा किंवा पाणथळ जागेपासून १०० फूट आणि जलाशयापासून ३०० फुटांच्या आत नवं काँक्रीट-डांबर घालायला शहराच्या पर्यावरण खात्याचे कडक नियम आहेत, वर टाउनचे पाणथळीचे, उताराचे आणि झाडांचे वेगळे. सर्व्हेवर या पट्ट्या आखून घेतल्या की दोन एकरांतले वापरायला कधीकधी अर्धा एकर उरतो. पोहण्याच्या तलावाची हौस असेल तर ही रेघ ओढूनच ऑफर द्या.

वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. २०१८ च्या मार्चमधल्या वादळांत इथे कित्येक घरं आठवडाभर अंधारात होती. २२–२४ किलोवॅटचा जनरेटर आणि ५०० गॅलनची प्रोपेन टाकी गरजेचीच धरा. ती टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. निम्म्या भारावर तासाला अडीच गॅलनच्या आसपास जळतं, साधारण साडेसहा दिवस. रेल्वेचंही बघा: स्कार्सडेलहून जलद गाडीने मॅनहॅटनचं ग्रँड सेंट्रल स्टेशन ३५ मिनिटांच्या आसपास, उत्तरेकडच्या कटोनाहहून तास. आर्मांकला स्टेशनच नाही, आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. शिवाय काउंटीचा विमानतळ हॅरिसन, नॉर्थ कॅसल आणि राय ब्रुकच्या सीमेवर आहे. त्या बाजूचं घर सकाळी सातलाही एकदा बघून या.

पुराचा प्रश्न दोन्हीकडे आहे. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने ममारोनेक आणि रायमधल्या ब्लाइंड ब्रुकच्या काठची घरं बुडवली. सरकारी नकाशावर पूररेषेत नसलेल्या ठिकाणीही पाणी घुसू शकतं. मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला मालमत्तेच्या स्थितीचं निवेदन द्यावंच लागतं, पूर्वीसारखे ५०० डॉलर देऊन सुटता येत नाही, आणि त्यात पुराचे प्रश्न आहेत. ती उत्तरं वकिलाकडून नीट वाचून घ्या. सरकारी पूरविमा इमारतीला अडीच लाख डॉलरपर्यंतच मिळतो, तळघरातल्या सामानाला जवळपास काहीच नाही.

आईवडिलांसाठी तळमजल्यावर शयनगृह आणि शॉवर असलेलं स्नानगृह लागेल. तळघरातली खोली त्यांना देऊ नका, आणि द्यायचीच तर बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी, खिडकीचा उंबरठा खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आपल्या फोडणीला सूक्ष्म जाळीचा, हवा परत घरातच फेकणारा हूड काही कामाचा नाही. ९०० सीएफएमचा (मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा), बाहेर हवा सोडणारा बसवावा लागतो. पण ४०० च्या वर गेलं की बाहेरून ताजी हवा आत घेण्याची सोयही करावी लागते, नाहीतर घट्ट बंद घरात बॉयलरचा धूर उलटा आत येऊ शकतो. स्वयंपाकघर नवं करताना ही दोन भोकं एकदमच पाडा.

डाउन पेमेंटसाठी पुण्याचा फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर निदान चार महिने आधी हलवा. वडिलांच्या खात्यातून येणार असतील तर माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) कापला जातो, जो त्यांना रिटर्न भरून परत मिळवावा लागतो. तुमच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत जातं, भारतातल्या सीएच्या दाखल्यासह. अमेरिकेत भेट म्हणून वर्षात एक लाख डॉलरच्या वर आलं तर फॉर्म ३५२० भरायचा. कर लागत नाही, पण न भरल्यास दंड २५ टक्क्यांपर्यंत जातो. बँक निदान ६० दिवसांची खातेवही मागते, आणि ऐन आठवड्यात अचानक आलेली रक्कम कुठून आली हे विचारत बसते.

चाव्या मिळाल्यावर एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: जूनचा तिसरा मंगळवार. बहुतेक टाउनमध्ये मूल्यांकनावर तक्रार करण्याचा तो दिवस, फॉर्म आरपी-५२४; गावांचं स्वतंत्र मूल्यांकन असेल तर फेब्रुवारीचा तिसरा मंगळवार. अनेक टाउनमध्ये मूल्यांकन बाजारभावाच्या दोनचार टक्क्यांवरच गोठलेलं असतं, त्यामुळे आकडा बघून काहीच समजत नाही. समजा बिलावर ५०,००० लिहिलं आहे आणि टाउनचं गुणोत्तर अडीच टक्के आहे, तर ते तुमच्या घराची किंमत २० लाख धरतात. तुम्ही १८ लाखांना घेतलं असेल तर ४५,००० मागा, खरेदीखताची प्रत जोडा. त्यांनी नाही म्हटलं तर मूल्यांकनाची अंतिम यादी दाखल झाल्यापासून ३० दिवसांत छोट्या दाव्यांच्या न्यायालयीन फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराला शुल्क ३० डॉलर. वकील लागत नाही.